नौकांच्या डेकची कूज व दुरुस्ती

नौकेच्या अंतर्भागावर छताप्रमाणे आच्छादन घालणाऱ्या आणि खलाशांना वावरण्यास जागा देणाऱ्या भागास डेक म्हणतात. पाऊस व दव यांचे गोडे पाणी डेकच्या सांध्यांतून किंवा छिद्रांतून लाकडात मुरते, तेथे कवकांची वाढ होते व लाकूड हळूहळू ठिसूळ किंवा स्पंजासारखे मऊ बनते. या ऱ्हासास कूज असे म्हणतात. ओक व सागाच्या जहाजांपासून काचतंतूंनी प्रबलित केलेल्या प्लॅस्टिकच्या नौकांपर्यंत बांधणीचे पदार्थ पूर्णपणे बदलले. परंतु कूज नाहीशी झाली नाही, तिची केवळ जागा बदलली. १९५० नंतर बांधलेल्या शिडाच्या अनेक नौकांत ती काचतंतूंच्या दोन थरांमध्ये बंदिस्त असलेल्या लाकडी गाभ्यात आढळते व बाहेरून दिसत नाही. जुनी शिडाची नौका वापरात ठेवावी की मोडीत काढावी, हा निर्णय पुष्कळदा या गाभ्याच्या स्थितीवरच अवलंबून असतो.

कारणे : कूज घडवून आणणाऱ्या कवकांना अन्न म्हणून लाकूड, पुरेसा ओलावा, हवेतील ऑक्सिजन व माफक तापमान या चार गोष्टींची गरज असते. लाकडाच्या कोरड्या वजनाच्या २० टक्क्यांहून कमी पाणी त्यात असल्यास कूज होत नाही. हे प्रमाण सु. ३० टक्क्यांच्या आसपास वा त्याहून अधिक झाले म्हणजे कवकांची वाढ जोमाने होते. कवके कोशिकाभित्तींतील सेल्युलोज व काही वेळा लिग्निनही विघटित करतात. लाकडाचा आकार व रंग काही काळ टिकून राहतो, पण त्याचे बल आधीच नष्ट झालेले असते.

ऑक्सिजन पोहोचत नाही तेथे पूर्ण भिजलेले लाकूडही कुजत नाही. १५४५ मध्ये बुडालेल्या ‘मेरी रोझ’ या इंग्लिश युद्धनौकेचा गाळात रुतलेला भाग चार शतकांहून अधिक काळ टिकला व तो १९८२ मध्ये वर काढता आला, याचे कारण हेच होय. समुद्राच्या पाण्यातील मीठही कवकांच्या वाढीस प्रतिकूल असते. त्यामुळे जहाजाच्या पाण्याखालील भागाचा मुख्य शत्रू टेरेडो हा लाकूड पोखरणारा मृदुकाय प्राणी असे, तर पाण्याच्या पातळीवरील भागाचा मुख्य शत्रू कूज असे. लाकडी डेक रोज समुद्राच्या पाण्याने धुण्याची जुनी चाल केवळ स्वच्छतेसाठी नव्हती. त्यामुळे फळ्या फुगून सांधे घट्ट राहत आणि लाकडात मीठ मुरे. उत्तर अमेरिकेतील काही जहाजबांधणी केंद्रांत तर बाजूच्या फासळ्यांमधील पोकळ्यांत मीठ भरून ठेवीत.

लाकडी युद्धनौकांचा काळ : सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडने ३० मोठ्या युद्धनौका बांधण्याचा कार्यक्रम १६७७ मध्ये हाती घेतला. नौदलाच्या कारभारात १६८४ मध्ये परत आलेल्या सॅम्युएल पेपिस यांना यांतील अनेक नौका समुद्रावर जाण्यापूर्वीच सडू लागल्याचे आढळले. आतील भागात मुठीएवढ्या अळंब्या उगवल्याचे त्यांनी नमूद केले आहे. ओले लाकूड वापरणे, झरोके बंद ठेवणे व आतील भागाची झाडलोट न करणे ही कारणे त्या वेळी पुढे आली. कूज हा दैवी कोप वा लाकडाचा अटळ गुणधर्म नसून हवा व ओल यांच्याशी निगडित असा निष्काळजीपणाचा परिणाम आहे, ही जाणीव या प्रकरणात स्पष्टपणे दिसून येते.

या जाणिवेचा व्यवहारात पुरेसा उपयोग झाला नाही आणि त्याची किंमत मनुष्यहानीच्या रूपाने मोजावी लागली. २९ ऑगस्ट १७८२ रोजी ‘रॉयल जॉर्ज’ ही १०० तोफांची युद्धनौका स्पिटहेड येथे किरकोळ दुरुस्तीसाठी एका बाजूस कलवलेली असताना अकस्मात बुडाली. तीत ८०० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत नौकेवर भेटीस आलेल्या स्त्रिया व मुलेही पुष्कळ होती. लाकडाच्या सर्वसाधारण सडकेपणामुळे सांगाड्याचा एखादा महत्त्वाचा भाग निखळला असावा, असे अनुमान लष्करी न्यायालयाने काढले व अधिकाऱ्यांना दोषमुक्त केले.

नेपोलियनविरुद्धच्या युद्धांत ओकच्या लाकडाची टंचाई तीव्र झाली व न मुरविलेले लाकूड घाईने वापरले जाऊ लागले. १८१० मध्ये डेप्टफर्ड येथे जलावतरण झालेल्या ‘क्वीन शार्लट’ या मोठ्या युद्धनौकेची प्रत्यक्ष सेवेत जाण्यापूर्वीच मोठ्या प्रमाणावर पुनर्बांधणी करावी लागली. तिच्यातील कवकांची पाहणी करण्यासाठी १८१२ मध्ये जेम्स सॉवर्बी या निसर्गवैज्ञानिकास पाचारण करण्यात आले. जहाजाच्या दुरुस्तीत सुताराबरोबर कवकांच्या अभ्यासकाचाही सल्ला घेण्याचे हे एक आरंभीचे उदाहरण होय. यानंतर लाकडावर रसायनांची प्रक्रिया करण्याच्या पद्धती पुढे आल्या. जे. एच. कायन यांनी मर्क्युरिक क्लोराइडाच्या वापराचे एकस्व (पेटंट) १८३२ मध्ये आणि जॉन बेथेल यांनी दाबाखाली क्रिओसोट मुरविण्याचे एकस्व १८३८ मध्ये घेतले.

मुंबईचा साग : ओकच्या टंचाईवरील एक उत्तर मुंबईच्या गोदीत सापडले. लवजी नसरवानजी वाडिया हे १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईस आले व त्यांच्या घराण्याने दीर्घकाळ येथे जहाजबांधणी केली. मलबारचा साग हे त्यांचे मुख्य लाकूड होते. सागातील तैलद्रव्ये कवकांना व कीटकांना रोधक असतात, सुकताना ते फारसे आकसत वा पिळवटत नाही आणि त्यातील लोखंडी खिळे ओकच्या मानाने कमी गंजतात. ‘मिंडेन’ (१८१०), ‘कॉर्नवॉलिस’ (१८१३), ‘त्रिंकोमाली’ (१८१७) व ‘एशिया’ (१८२४) या युद्धनौका मुंबईत बांधण्यात आल्या. जमशेटजी बमनजी वाडिया यांनी बांधलेली ‘त्रिंकोमाली’ ही फ्रिगेट इंग्लंडमधील हार्टलपूल येथे जतन केलेली असून ती पाण्यावर तरंगत असलेली सर्वांत जुनी ब्रिटिश युद्धनौका समजली जाते.

तथापि साग म्हणजे कूजेपासून पूर्ण अभय नव्हे. ‘त्रिंकोमाली’ १९८७ मध्ये हार्टलपूल येथे आणल्यावर तिच्या पुनःस्थापनेस दहा वर्षांहून अधिक काळ लागला. १७६५ मध्ये जलावतरण झालेली व १९२२ पासून पोर्टस्मथच्या सुक्या गोदीत असलेली ‘व्हिक्टरी’ ही ओकची युद्धनौका या दृष्टीने अधिक बोलके उदाहरण आहे. समुद्राच्या पाण्याशी तिचा संबंध तुटला. पण पावसाचे पाणी डेकमधून आत झिरपत राहिले. तिच्या बाजूच्या कुजलेल्या फळ्या बदलण्याचे सु. दहा वर्षे चालणारे काम २०२२ मध्ये सुरू करण्यात आले. समुद्राने न बुडविलेली नौका पावसाने पोखरली, असे तिच्याबाबत म्हणता येईल.

फळ्यांपासून गाभ्यापर्यंत : फळ्यांच्या डेकमधील फटींत तागाचे दोर ठोकून त्यांवर डांबर ओतीत. गळती कोठे आहे हे खालून दिसे, फट पुन्हा बुजविता येई आणि एखादी फळी कुजली तर तेवढीच काढून नवी बसविता येई. एकोणिसाव्या व विसाव्या शतकांतील लहान नौकांत हलक्या लाकडाच्या पातळ फळ्यांवर रंगात भिजविलेले जाड कापड ताणून बसविण्याची पद्धत रूढ झाली. हे डेक हलके व स्वस्त असे. परंतु कापडास बारीकशी चीर पडली की पाणी त्याखाली शिरे आणि वरील रंगामुळे ते बाहेर पडू शकत नसे. बंदिस्त आवरणाखालील कूजेचा हा पहिला धडा होय.

काचतंतू व पॉलिएस्टर रेझीन यांपासून नौका बनविण्याचे प्रयोग अमेरिकेत १९४० नंतर सुरू झाले. फिलिप रोड्स यांच्या आराखड्यानुसार कॅलिफोर्नियात १९५६ मध्ये बांधलेली ‘बाउंटी २’ ही या पदार्थाची मोठ्या आकारमानाची व कारखानदारी पद्धतीने निर्माण झालेली आरंभीची शिडाची नौका होय. १९५९ मध्ये न्यूयॉर्कच्या नौका प्रदर्शनात मांडलेल्या ‘ट्रायटन’ या नौकेने या पद्धतीस लोकप्रियता मिळवून दिली. कार्ल आल्बर्ग यांनी आराखडा केलेली ही सु. ८·७ मी. लांबीची नौका क्लिंटन व एव्हरेट पिअर्सन या चुलतभावांनी ऱ्होड आयलंड राज्यातील ब्रिस्टल येथे बांधली व पुढील काही वर्षांत अशा ७०० हून अधिक नौका तयार झाल्या. मध्यमवर्गीय कुटुंबांनाही समुद्रपर्यटनाची नौका बाळगणे यामुळे शक्य झाले. ‘जिला कधी कूज लागत नाही अशी नौका’ हे या नव्या पदार्थाचे मोठे आकर्षण होते.

नौकेच्या बाजू वक्र असल्याने काचतंतूंच्या एकसंध थरानेही त्या पुरेशा ताठ राहतात. डेक मात्र बराचसा सपाट असतो आणि पायाखाली लवतो. एकसंध पत्र्याची जाडी दुप्पट केल्यास त्याची दृढता आठपट होते; पण त्याच प्रमाणात काचतंतू व रेझीन वापरल्यास डेक जड होऊन नौकेचा तोल बिघडतो. म्हणून काही मिमी. जाडीचे दोन थर करून त्यांमध्ये सु. १ ते २ सेंमी. जाडीचा हलका गाभा बसवितात. वरचा थर दाब व खालचा थर ताण सहन करतो आणि गाभा त्यांना परस्परांपासून दूर ठेवून एकमेकांवरून सरकू देत नाही. दुसऱ्या महायुद्धातील ‘मॉस्किटो’ या ब्रिटिश विमानात प्लायवुडच्या थरांमध्ये बाल्साचा गाभा घालून हेच तत्त्व वापरले होते. नौकांसाठीही प्लायवुड व बाल्सा हेच गाभे प्रचारात आले. दक्षिण अमेरिकेतील एक्वादोर देशातून मुख्यतः येणारे बाल्सा हे अत्यंत हलके लाकूड असून त्याची घनता दर घ. मी.ला सु. १५० किग्रॅ. इतकी असते. त्याचे ठोकळे तंतू उभे राहतील अशा रीतीने बसवितात. त्यामुळे ते दाबास चांगला विरोध करतात आणि तंतूंवाटे होणारा पाण्याचा प्रवास आडवा न होता वरून खाली एवढाच मर्यादित राहतो.

गाभ्यात पाणी शिरण्याची प्रक्रिया : रचनेत दोष नसून तीत पाडलेल्या छिद्रांत दोष असतो. कटड्याचे खांब, दोर बांधण्याच्या खुंट्या, चरख्या, झरोके व डोलकाठीचे ताण पेलणाऱ्या धातूच्या पट्ट्या यांसाठी डेकमध्ये आरपार छिद्रे पाडावी लागतात. जुन्या नौकांत बोल्ट सरळ गाभ्यातून नेऊन वर केवळ लांबीसारखे लुकण भरीत असत. काही वर्षांत लुकण कडक होऊन तडकते. बोल्ट आवळल्याने मऊ गाभा चेपतो, खुंटी किंचित हलू लागते व प्रत्येक पावसात थोडे पाणी आत जाते. ठोकळ्यांमधील बारीक फटींवाटे ते दूरवर पसरते. प्लायवुडाच्या गाभ्यात ते पापुद्र्यांच्या तंतूंवाटे सरकते. थंड प्रदेशांत हे पाणी गोठून प्रसरण पावते व थर गाभ्यापासून सुटे होतात. थर सुटला की रचनेचे तत्त्वच मोडते. मधला दुवा तुटल्याने दोन पातळ पत्रे वेगवेगळे लवू लागतात.

येथे जुन्या व नव्या नौकांमधील मूलभूत फरक लक्षात येतो. पेपिस यांच्या काळातील उपाय वायुवीजनाचा होता : झरोके उघडा, हवा खेळू द्या, लाकूड वाळू द्या. गाभ्यास हवा देण्याची सोयच नसते. त्यामुळे येथील उपाय पूर्ण बंदिस्तीचा आहे. लाकूड हवेशीर तरी असावे किंवा पूर्णपणे बंद तरी असावे. जुन्या काचतंतू-नौकांचा डेक या दोहोंच्या मधल्या अवस्थेत राहिला. पाणी आत येण्यास वाट होती, बाहेर जाण्यास नव्हती आणि छिद्रांवाटे कवकांना पुरेसा ऑक्सिजनही मिळत होता.

निदान : चालताना डेक लवणे, सांध्यांजवळ बारीक तडे दिसणे व छतावर तपकिरी ओघळ येणे ही कूजेची बाह्य लक्षणे होत. प्लॅस्टिकच्या लहान हातोडीने डेकवर ठोकून पाहिल्यास निकोप भागाचा आवाज टणक व खणखणीत येतो, तर सुट्या वा कुजलेल्या भागाचा आवाज फुटक्या मडक्यासारखा बद्द येतो. ओलावामापकाचाही उपयोग करतात. मात्र डेकवर पडलेले पाणी व खाली लावलेले धातूचे भाग यांमुळे त्याचे वाचन फसवे ठरू शकते. निश्चित निदानासाठी आतील बाजूने लहान छिद्रे पाडून बाहेर येणारा लाकडाचा भुसा तपासतात. तो फिकट व कोरडा असल्यास गाभा निकोप, फिकट पण ओला असल्यास वाळविता येण्याजोगा आणि काळपट व लगद्यासारखा असल्यास बदलण्यायोग्य समजतात. खराब भागाची सीमा डेकवर आखून घेतल्याशिवाय कापणीस आरंभ करीत नाहीत. ही सीमा बहुधा पहिल्या अंदाजाच्या बाहेर जाते.

दुरुस्तीची पद्धत : दुरुस्ती शक्यतो वरच्या बाजूने करतात. प्रथम त्या भागावरील सर्व खुंट्या व पट्ट्या काढून घेतात. करवतीचे पाते केवळ वरच्या थराच्या जाडीइतके खोल जाईल असे बसवून थर कापतात व अखंड उचलून बाजूस ठेवतात. कडेस काही सेंमी. रुंदीची जुनी पट्टी तशीच ठेवतात. पुढे नवा जोड तिच्यावर बसतो. ओला गाभा पटाशीने व खरवडणीने काढतात. सर्व बाजूंनी फिकट, कोरडे व थराला घट्ट चिकटलेले लाकूड लागेपर्यंत काढणे आवश्यक असते. खालचा थर घासून स्वच्छ व पूर्णपणे कोरडा करतात. यासाठी नौका तात्पुरत्या मांडवाखाली ठेवावी लागते. घाईने ओल्या पृष्ठावर नवा गाभा चिकटविल्यास तो धरत नाही व कूज पुन्हा सुरू होते.

नवा गाभा बाल्साचा, प्लायवुडाचा वा न कुजणाऱ्या प्लॅस्टिक फेसाचा असतो. जेथे बोल्ट आवळावयाचे असतात तेथे दाबास अधिक टिकणारे प्लायवुड किंवा भरीव काचतंतू घालतात. गाभ्याच्या ठोकळ्यांना प्रथम पातळ एपॉक्सी रेझीन पाजतात, नंतर घट्ट केलेल्या एपॉक्सीच्या थरात ते बसवून त्यांवर वजने ठेवतात. खाली हवेची पोकळी राहू न देणे हे या कामाचे मर्म होय. वरचा जुना थर परत चिकटवितात किंवा काचतंतूंच्या कापडाचे नवे थर देतात. जोडाच्या कडा थराच्या जाडीच्या सु. बारा पट रुंदीपर्यंत उतरत्या घासतात, म्हणजे बल जुन्या भागातून नव्या भागात क्रमाक्रमाने जाते. अखेरीस पृष्ठ सपाट करून त्यावर पाय न घसरण्यासाठी खरबरीत रंग देतात.

डेकचा वरचा पृष्ठभाग बिघडू नये म्हणून काही वेळा आतून दुरुस्ती करतात. परंतु तीत रेझीन व गाभा गुरुत्वाच्या विरुद्ध वर धरून ठेवावे लागतात आणि आतील लाकडी सजावट काढावी लागते. डेकमध्ये अनेक छिद्रे पाडून त्यांतून एपॉक्सी भरण्याची सोपी पद्धतही प्रचारात आहे. गाभा कोरडा व निकोप असून केवळ थर सुटला असेल तर ती उपयुक्त ठरते. ओल्या वा कुजलेल्या गाभ्यात मात्र रेझीन पाण्याने व्यापलेल्या जागेत शिरत नाही. छिद्रांभोवती टणक गाठी होतात, त्यांच्यामध्ये कूज तशीच राहते आणि पुढील दुरुस्ती अधिक अवघड होते.

ज्ञानाचा प्रसार : पॉलिएस्टरपेक्षा लाकडास अधिक घट्ट चिकटणाऱ्या एपॉक्सी रेझिनांमुळे ही दुरुस्ती सामान्य नौकामालकाच्या आवाक्यात आली. मिशिगन राज्यातील बे सिटी येथील गूजन बंधूंनी १९६९ मध्ये स्थापन केलेल्या व्यवसायातून नौकांसाठी विशेष एपॉक्सी विक्रीस आणली व १९७९ मध्ये नौकाबांधणीवरील ग्रंथ प्रसिद्ध केला. लाकडाचा प्रत्येक पृष्ठभाग रेझीनने बंद करून त्यातील ओलावा स्थिर राखणे, हे त्यांच्या पद्धतीचे सूत्र होते. डॉन केसी यांच्या १९९१ मधील ‘धिस ओल्ड बोट’ या पुस्तकाने जुन्या काचतंतू-नौकांच्या पुनरुज्जीवनास चालना दिली. भारतातही लाकडी गाभा व काचतंतू यांच्या संयोगाने दूरच्या सागरप्रवासाच्या नौका बांधल्या गेल्या. गोव्यातील दिवाडी बेटावरील कारखान्यात बांधलेली व २००९ मध्ये नौदलात दाखल झालेली ‘म्हादेई’ हे त्याचे ठळक उदाहरण होय. दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने केलेली आणि अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये एकट्याने व कोठेही न थांबता केलेली पृथ्वीप्रदक्षिणा याच नौकेतून झाली. योग्य रीतीने बंदिस्त केलेला लाकडी गाभा महासागरातही भरवशाचा ठरतो, हे त्यावरून दिसून येते.

प्रतिबंध व महत्त्व : प्रतिबंधाचा सर्वांत परिणामकारक उपाय साधा आहे. प्रत्येक बोल्टासाठी प्रथम मोठे छिद्र पाडून त्याभोवतीचा गाभा कोरून काढतात, ती पोकळी घट्ट एपॉक्सीने भरतात व ती कठीण झाल्यावर तीतून बोल्टाच्या मापाचे छिद्र पाडतात. पुढे लुकण निकामी झाले तरी पाणी गाभ्याला न लागता सरळ खाली टपकते व गळती ताबडतोब लक्षात येते. जुन्या फळ्यांच्या डेकमध्ये आपोआप मिळणारी ही सूचना नव्या डेकमध्ये अशा रीतीने मुद्दाम निर्माण करावी लागते. लुकण ठराविक वर्षांनी काढून नव्याने भरणेही आवश्यक असते.

कुजलेल्या डेकचा धोका केवळ सोयीचा नाही. वादळात खुंटी उपटल्यास नांगराचा दोर सुटतो, कटड्याचा खांब निखळल्यास माणूस समुद्रात पडतो आणि डोलकाठीच्या पट्टीचा आधार गेल्यास डोलकाठी कोसळते. दुसरीकडे, काचतंतूंचा सांगाडा नैसर्गिक रीत्या विघटित होत नाही व तो वितळवून पुन्हा वापरता येत नाही. त्यामुळे टाकून दिलेल्या नौकांची विल्हेवाट ही अनेक देशांत खर्चाची बाब बनली आहे. डेकच्या दुरुस्तीस लागणारे साहित्य नौकेच्या मानाने स्वस्त असते. महाग असतात ते श्रम. कारागिराकडून काम करून घेतल्यास खर्च पुष्कळदा जुन्या नौकेच्या बाजारभावाहून अधिक होतो, म्हणून अशा नौका बहुधा स्वतः दुरुस्ती करणाऱ्या मालकांमुळेच टिकल्या आहेत. बाकीच्या नौकांचे बाह्यांग शाबूत असूनही त्या डेकमधील दोन-तीन सेंमी.हूनही कमी जाडीच्या लाकडापायी मोडीत निघतात.